अंगची कल्हई

आमच्या दौंडच्या घराच्या गच्चीवर सोलरची टाकी आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या बुडाशी ओल दिसू लागली. आधी नळजोड तपासले, मग वायसर बदलले, तरी पाणी थांबेना. शेवटी टाकी खाली उतरवून एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नेली. कारागिराने बाहेरचा रंगीत पत्रा सोडवला, फोमचा थर खरवडला आणि आतली स्टीलची टाकी ग्राइंडरने उभी कापली. आतला पत्रा लख्ख होता. फक्त वेल्डिंगच्या सांध्यापासून बोटभर अंतरावर टिकलीएवढं तपकिरी कडं होतं आणि त्याच्या मधोमध सुईच्या अग्राएवढं भोक. बाकी सगळी टाकी नव्यासारखी, आणि तरीही निकामी.

समुद्र आमच्यापासून दीड-दोनशे किलोमीटर लांब. पण आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे. ते पाणी उन्हाने तापतं, रात्रभर टाकीत उभं राहतं, आणि त्यातलं मीठ सांध्याजवळ आपलं काम करत बसतं.

पुढे एकदा गोव्याला मांडवीच्या काठावर उभी असलेली एक शिडाची बोट जवळून पाहायला मिळाली. तिच्या कठड्याचे पाइप, दोर अडकवायच्या कड्या, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचे टोकाचे जोड, सगळं स्टेनलेस स्टीलचं. आणि एका पाइपाच्या बुडाशी, जिथे तो डेकमध्ये शिरतो तिथे, तेच तपकिरी कडं होतं. बोटीच्या मालकाने काढून ठेवलेली एक जुनी क्लीट मी मागून घेतली. क्लीट म्हणजे दोर गुंडाळून बांधायची दोन शिंगांची खुंटी. ती घेऊन मी शिरूरला, नगर रस्त्यालगतच्या एका ओळखीच्या शेडमध्ये गेलो. स्टीलची चकाकी परत कशी येते हे मला समजून घ्यायचं होतं. तिथे जे पाहिलं आणि त्यामागचं जे शास्त्र आहे, ते इथे मांडतो आहे.

कल्हईवाल्याविना कल्हई

पितळेच्या पातेल्याला कल्हई लावताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. भाता चालू, पातेलं तापलेलं, त्यावर नवसागराची भुकटी, पांढरा धूर, आणि मग कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पसरलेला चांदीसारखा थर. ती कल्हई बाहेरून येते. घासून घासून ती उडते आणि कल्हईवाल्याला पुन्हा हाक मारावी लागते.

स्टेनलेस स्टील आपली कल्हई आपणच करतं. त्यात लोखंडासोबत किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. पृष्ठभागावरच्या क्रोमियमला हवेतला ऑक्सिजन मिळाला की क्रोमियम ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी दोन-तीन नॅनोमीटर. असे तीन-चार लाख पापुद्रे एकावर एक रचावेत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल. तो पारदर्शक असतो, म्हणून आपल्याला त्याखालचा धातूच चमकताना दिसतो. ओरखडा पडला तर उघड्या पडलेल्या क्रोमियमला पुन्हा हवा लागते आणि पापुद्रा पुन्हा धरतो. साध्या लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. त्यातून पाणी आणि हवा आत जात राहतात आणि गंज खोल उतरतो. क्रोमियमचा पापुद्रा मात्र घट्ट बसतो आणि वाट बंद करतो.

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रधातू तपासत होता. १९१३ साली त्याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावूनही ते डागाळत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. शेफिल्ड हे सुऱ्या-काट्यांचं गाव, म्हणून हे पोलाद बंदुकीऐवजी आधी जेवणाच्या टेबलावर पोहोचलं. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीत क्रोमियमबरोबर निकेल मिसळण्याचं काम झालं होतं. भांड्यांवर ‘१८/८’ असा शिक्का दिसतो, तो याच वंशातला: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल.

म्हणून स्टील चमकवणं या कामाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. चकाकी ही स्टीलच्या अंगची असते. आपण मीठ, परकं लोखंड, खडबडीतपणा आणि साचलेलं पाणी एवढं दूर करायचं, बाकीचं काम हवा करते.

एकाच नावाची तीन भावंडं

घरात आपण ज्याला नुसतं ‘स्टील’ म्हणतो त्याच्या अनेक जाती आहेत. कारखान्यात त्यांना आकड्यांनी ओळखतात. ३०४ म्हणजे वर सांगितलेलं १८/८. दुधाच्या टाक्या, टँकर, हॉटेलांची स्वयंपाकघरं यांत ते असतं. ३१६ मध्ये निकेल थोडं जास्त आणि शिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. मिठाच्या माऱ्यापुढे हे मॉलिब्डेनमच उभं राहतं. समुद्रावरच्या बोटींना आणि रसायनांच्या भांड्यांना ३१६ वापरतात ते याचसाठी. तिसरं भावंड २०० मालिकेतलं. त्यात महाग निकेलचा बराचसा वाटा मँगेनीझने भरून काढलेला असतो. आपल्याकडच्या स्वस्त भांड्यांत आणि जिन्याच्या कठड्यांत ते खूप चालतं. नवं असताना तिन्ही सारखीच चमकतात.

चुंबक लावून पाहण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण इथे ती फसवते. ३०४, ३१६ आणि २०० मालिकेतलं २०२ ही तिन्ही चुंबकाला सहसा चिकटत नाहीत. उलट अस्सल ३०४ चा पत्रा वाकवला, ठोकला की वाकवलेल्या जागी थोडा चिकटू शकतो. जात ओळखायची तर मॉलिब्डेनम आहे की नाही हे सांगणारी रासायनिक थेंबाची चाचणी करावी, नाहीतर भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे असणारं मिश्रधातू तपासण्याचं हातयंत्र लावावं.

आता मिठाचा हिशेब पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात क्लोराइड जवळजवळ १९ ग्रॅम, म्हणजे १९,००० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतात. साध्या तापमानाला ३०४ ने साधारण २०० मिलिग्रॅमपर्यंतचं आणि ३१६ ने १,००० पर्यंतचं क्लोराइड निभावून न्यावं, असा कारखान्यांतला ठोकताळा आहे. पाणी तापलं की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. साठ अंशांच्या वर तर ताणाखालच्या ३०४ ला चिरा पडण्याचा धोका असतो. आमची टाकी का गेली ते या आकड्यांतच आहे. आणि समुद्राच्या १९,००० पुढे ३१६ सुद्धा कायमचं बुडवून ठेवलेलं टिकणार नाही, हेही त्यात आहे. बोटीवरचं ३१६ टिकतं, कारण ते पाण्याच्या वर असतं, त्याला हवा लागते आणि कुणीतरी ते धूत असतं.

डोलकाठीचे ताण

दौंड तालुक्यातल्या शिरापूरहून भीमा ओलांडून सिद्धटेकच्या गणपतीला जायचं तर पूर्वी होडीत बसावं लागे. नदी पार करण्यापुरत्या अशा होडीला लाकूड, खिळे आणि डांबर पुरतं. गोड्या पाण्यात लोखंडाचा खिळाही बरीच वर्षं काढतो. समुद्रावरच्या शिडाच्या बोटीचं तसं नसतं.

विजेच्या खांबाला दिलेला ताण आपण रस्त्याच्या वळणावर पाहतो. खांबाच्या डोक्यापासून जमिनीत तिरकी उतरणारी जाड तार, आणि ती आवळायला खाली आटे असलेला जोड. बोटीची डोलकाठी अशाच ताणांवर उभी असते. पुढे नाळेकडे एक, मागे एक, दोन्ही बाजूंना काही. तारेत बहुधा १९ पदर पिळलेले असतात. तार आवळायला टर्नबकल, आणि खाली तिचा सगळा जोर बोटीच्या अंगात उतरवणारी एक जाड स्टीलची पट्टी, तिला चेनप्लेट म्हणतात. ही पट्टी डेकच्या भोकातून आत जाते आणि आत बोल्टांनी घट्ट बसवलेली असते. शिडात वारा भरला की त्याची सगळी ओढ शेवटी या हातभर पट्ट्यांवर येते. एक सुटली तर डोलकाठी उभी राहत नाही.

आपल्या किनाऱ्यावरून अशा बोटी सगळ्या पृथ्वीभर फिरून आल्या आहेत. ‘म्हादेई’ ही ५६ फुटी बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली. मांडवीचंच जुनं नाव तिने घेतलं. १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे एकटे तिच्यातून मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परत मुंबईला आले. वाटेत फक्त चार बंदरांत थांबून शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच बोटीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. दांडेकरांच्याच गोदीत बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये, आणि दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात प्रदक्षिणा केली.

महिनोन्‌महिने खाऱ्या तुषारांत भिजणाऱ्या अशा बोटीवर एखाद्या कडीवरचा डाग ही दिसण्याची बाब राहत नाही. टॉमींची पुढची बोट ‘थुरिया’ही गोव्यातच बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. तो घाव वादळाचा होता, गंजाचा त्यात दोष नव्हता. पण डोलकाठी गेली म्हणजे काय होतं हे त्यावरून उमगतं. वादळ आपल्या हातात नाही, बोल्टाखालचा गंज मात्र आहे.

डाग वाचायला शिकणं

शिरूरच्या शेडमध्ये क्लीट हातात घेतल्यावर कारागिराने पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती पालथी केली. वरून ती चहा सांडल्यासारखी तपकिरी दिसत होती. खालून, बोल्टांच्या भोकांभोवती, काळपट खड्ड्यांची रांग होती. ‘वरचा डाग हाताने जाईल,’ तो म्हणाला, ‘खालचं गेलेलं परत येत नाही.’ साफसफाईला हात घालण्याआधी डाग कुठल्या जातीचा आहे हे ओळखणं किती महत्त्वाचं, ते मला तिथे कळलं.

पहिली जात चहाच्या डागासारखी. पातळ, पसरट, नखाला न लागणारी. खारी हवा आणि दमटपणा यांतून ती येते, समुद्रापासून पाच-एक किलोमीटरच्या पट्ट्यात सर्रास दिसते. गंमत अशी की उघड्यावरच्या भागापेक्षा आडोशाच्या भागावर ती जास्त असते, कारण उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. खडबडीत पृष्ठभागावर मीठ अडकून राहतं, म्हणून पृष्ठभागाचा खडबडीतपणा अर्ध्या मायक्रॉनच्या आत ठेवावा असं जाणकार सांगतात. पॉलिशचं खरं प्रयोजन इथे कळतं: गुळगुळीत अंगावर मीठ ठरत नाही.

दुसरी जात बारीक नारिंगी ठिपक्यांची. हा गंज स्टीलचा नसतोच, वर येऊन बसलेल्या परक्या लोखंडाचा असतो. शेडमध्ये एका बाजूला लोखंडी गेट घासलं जातं आणि शेजारी स्टीलचा कठडा ठेवलेला असतो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडून त्यावर रुततात आणि पहिल्या पावसात कठड्याला गोवर आल्यासारखं दिसतं. दौंड जंक्शनच्या आसपास रुळ आणि चाकांच्या घर्षणातून उडणारी लोखंडाची पूडही हेच करू शकते. घरात हे काम लोखंडी तारेची घासणी करते. म्हणून स्टीलला लोखंडी तारेचा ब्रश किंवा घासणी कधीही लावू नये.

तिसरी जात वेल्डिंगच्या कडेची, सोनेरी-निळ्या इंद्रधनुषी पट्ट्याची. दिसायला सुंदर, पण तिथे तापल्यामुळे पृष्ठभागाखालचं क्रोमियम कमी झालेलं असतं. गंज पहिल्यांदा तिथेच शिरतो. आमच्या टाकीचं भोक सांध्यालगत पडलं ते उगीच नव्हे.

चौथी जात खड्ड्यांची. टाचणीने टोचल्यासारखं वरचं तोंड आणि आत पोकळी. पाचवी आणि सगळ्यांत घातक जात म्हणजे बोल्टाच्या डोक्याखालून, वायसरच्या कडेतून ओघळलेली तपकिरी रेघ. तिथे आत पाणी साचलेलं आहे आणि हवा पोहोचत नाही असा तो निरोप आहे. हवा नाही म्हणजे नवा पापुद्रा नाही. मीठ मात्र आत येत राहतं, आतलं पाणी आम्ल होत जातं आणि धातू झाकलेल्या जागी खाल्ला जातो. चेनप्लेट बहुतेक वेळा डेकच्या जाडीत, डोळ्यांआड अशीच कुजते. वर आणि खाली लखलखीत, मधला दोन बोटं भाग पोखरलेला.

धुणं, मग डाग काढणं

दुरुस्तीची पहिली पायरी गोड्या पाण्याची आहे. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ कापड किंवा नायलॉनचा ब्रश. मीठ अंगावर असताना घासलं तर मीठच कापडाखाली रगडलं जातं. बरेचसे चहाचे डाग एवढ्यानेच फिके पडतात. क्लोरीनचं ब्लीच आणि संडास-फरशीचं ॲसिड स्टीलच्या जवळपास आणू नये. फरशीच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि त्यातलं क्लोराइड पापुद्र्याचा थेट शत्रू आहे.

उरलेल्या डागांना सौम्य आम्ल लागतं. चिंचेने पितळ उजळतं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, तिथे टार्टारिक आम्ल काम करतं. स्टीलसाठी लिंबातलं सायट्रिक आम्ल सोयीचं. त्याचे दाणे किराणा दुकानातही मिळतात. हट्टी गंजाला ऑक्झॅलिक आम्लाची पेस्ट लावतात. ते गंजाला पकडून विरघळवतं आणि स्टीलला फारसं छेडत नाही. पण ते विषारी आहे, म्हणून रबरी मोजे आणि चष्मा घालूनच ते हाताळावं आणि मुलांपासून दूर ठेवावं. पेस्ट ओल्या कापडाने, पत्र्यावर मूळच्या रेघा असतील त्याच दिशेने फिरवावी, दहा मिनिटांत धुऊन टाकावी आणि भरपूर पाण्याने खळबळावी.

वेल्डिंगचा इंद्रधनुषी पट्टा मात्र याने जात नाही. त्याला कारखान्यात पिकलिंग पेस्ट लावतात. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. हायड्रोफ्लोरिक त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. हे काम घरी, गच्चीवर किंवा बोटीवर करण्याचं धाडस कुणी करू नये. प्रशिक्षित माणसं, योग्य मोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी असलेल्या जागीच ते व्हावं.

कागद, बफ आणि हिरवा लस्टर

क्लीट धुऊन, डाग काढून झाल्यावर तिच्यावर वर्षानुवर्षांच्या दोरांचे ओरखडे स्पष्ट दिसू लागले. इथे पॉलिश पेपरचं काम सुरू होतं. कारागिराने २२० नंबरच्या कागदाने सुरुवात केली, मग ३२०, ४००, ६००, आणि शेवटी ८००, सगळं पाणी लावून. दर नव्या नंबरला तो घासायची दिशा काटकोनात बदलत होता. आधीच्या आडव्या रेघा पूर्ण पुसल्या जाऊन फक्त उभ्या दिसू लागल्या की पुढचा कागद. घाई करून एखादा नंबर गाळला, तर त्याच्या रेघा शेवटच्या आरशात भुतासारख्या उभ्या राहतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. दोन कागदांच्या मध्ये तुकडा आणि हात दोन्ही धुवायचे, म्हणजे जाड कण पुढे येत नाहीत. आणि कागद स्टीलसाठीच राखून ठेवलेला हवा. लोखंडावर वापरलेला कागद स्टीलला लोखंड चोळतो.

मग बफिंग. आधी सिसलचा, म्हणजे घायपाताच्या धाग्याचा कडक बफ, नंतर सुती कापडाचा मऊ बफ. फिरत्या चाकावर लस्टरची, म्हणजे पॉलिशच्या मेणाची, कांडी टेकवतात. शेवटच्या फेरीची हिरवी कांडी असते. तिचा तो हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा. ज्या ऑक्साइडचा पापुद्रा स्टीलला जपतो, त्याचीच भुकटी त्याला घासून आरसा करते.

कारागिराने क्लीट चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावर, किंचित तिरकी धरली. वरच्या बाजूला धरली तर चाक ती हिसकावून अंगावर फेकतं. ढगळ बाही, गळ्यातला गमछा, हातातले दोऱ्याचे मोजे, यांतलं काहीही या यंत्राजवळ नको. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. तो दर काही सेकंदांनी तुकडा उचलत होता. स्टेनलेस साध्या लोखंडाच्या तुलनेत एक तृतीयांशच वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून घासलेल्या जागीच ताप साठतो. थांबलं नाही तर निळसर झाक येते, म्हणजे वेल्डिंगच्या पट्ट्याचंच दुखणं नव्याने ओढवून घेतल्यासारखं. पंधरा-वीस मिनिटांत क्लीटच्या एका शिंगावर शेडच्या पत्र्यांतून येणारी उन्हाची तिरीप दिसली, मग वरच्या पंख्याची पाती, मग माझा चेहरा.

मोठ्या कारखान्यांत हेच काम विजेने करतात. तुकडा आम्लाच्या द्रावणात धन टोकाला जोडला की पृष्ठभागावरचे उंचवटे आधी विरघळतात आणि अंग सपाट होतं. औषधं आणि दूध यांच्या भांड्यांना ही इलेक्ट्रोपॉलिश पद्धत आवडते, कारण कोपऱ्याकोपऱ्यांतही ती पोहोचते.

मोरचुदाची परीक्षा

चमक आली म्हणजे काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. पण अंगात लोखंडाचे कण रुतलेले राहिले, तर महिन्याभरात ठिपके परत येतात. म्हणून शेवटची पायरी पॅसिव्हेशनची. लस्टरचं मेण आधी गरम साबणपाण्याने पूर्ण काढायचं. मग पाण्यात वजनाने ४ ते १० टक्के सायट्रिक आम्लाचं द्रावण करायचं, आणि ते २१ ते ४९ अंश सेल्सिअसला असेल तर तुकडा किमान २० मिनिटं बुडवून ठेवायचा. अमेरिकी मानकातली ही पद्धत आहे. आम्ल मोकळं लोखंड विरघळवून नेतं आणि क्रोमियमला सोडतं. मग स्वच्छ गोड्या पाण्याने धुऊन वाळवायचं आणि पापुद्रा नीट धरायला हवेत राहू द्यायचं. दूध डेअरीत टाक्या कॉस्टिकनंतर पातळ नायट्रिक आम्लाने धुतात. दुधातले क्षार काढायचे हा तिथला मुख्य हेतू, पण स्टीलच्या अंगाला त्याचा फायदाच होतो.

काम नीट झालं का, हे पाहायला एक चाचणी आहे आणि तिचं औषध द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदाराच्या घरात असतंच: मोरचूद. २५० मिलिलिटर पाण्यात एक मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल आणि चार ग्रॅम मोरचूद विरघळवतात आणि पृष्ठभाग त्याने सहा मिनिटं ओला ठेवतात. कुठे मोकळं लोखंड उरलं असेल, तर तिथे तांब्याचा गुलाबी डाग उमटतो. मात्र खाण्यापिण्याच्या भांड्यांवर ही चाचणी करायची नसते. घरगुती मार्ग सोपा आहे: तुकडा एक तास ओला, एक तास कोरडा, असा दिवसभर ठेवायचा आणि ठिपके येतात का ते पाहायचं.

पॉलिशने न भरणारी जागा

आमची क्लीट वरून आरसा झाली, पण तिच्या बोल्टांच्या भोकांभोवतीचे खड्डे तसेच होते. खड्डा घासून काढायचा तर आजूबाजूचा धातू त्याच्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो आणि जाडी जाते. त्याहून वाईट म्हणजे अशा खड्ड्यांच्या तळाशी चीर सुरू झालेली असू शकते. ती पाहायला डीपी टेस्ट करतात. रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांना टाक्या आणि पाइपलाइन बनवून देणाऱ्यांना ती रोजची. लाल रंगाचा पातळ द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून टाकायचा आणि वर पांढरी भुकटी मारायची. चिरेत शिरलेला रंग परत वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आमच्या क्लीटवर एका भोकापासून कडेपर्यंत केसासारखी लाल रेघ आली. तिला बोटीवर परत जागा नव्हती.

बोटीच्या ताणांना जोडलेली प्रत्येक वस्तू याच कसोटीला लागावी. चेनप्लेट बोल्ट सोडवून पूर्ण बाहेर काढून पाहावी, जागेवर असताना पुसून समाधान मानू नये. तारेचा एखादा पदर तुटून काट्यासारखा वर आला असेल, तर ती तार संपली. परत बसवताना जुनं सीलंट खरवडून नवं भरावं, म्हणजे भोकात पाणी साचणार नाही. डोलकाठी ॲल्युमिनियमची असेल तर स्टीलच्या बोल्टाखाली नायलॉनचं वायसर किंवा प्रतिबंधक पेस्ट हवी, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंचा घट होऊन ॲल्युमिनियम पोखरलं जातं. आट्यांना वंगण लावल्याशिवाय नट आवळू नये. स्टेनलेसचे आटे कोरडे घासले की एकमेकांना चिकटून बसतात आणि मग पान्हाही हरतो.

रोजची निगा मात्र साधी आहे. बंदरात आल्यावर पहिली बादली गोड्या पाण्याची, ती कड्या, पाइप आणि बोल्टांच्या बुडांवर. मग कोरडं कापड. पावसाळ्यात बोट झाकून ठेवली तरी तिच्या अंगाला वारा लागेल अशी झाकावी.

आमच्या गच्चीवर आता नवी टाकी आहे. महिन्यातून एकदा खालची तोटी उघडून तिच्या बुडाचं गढूळ, खारट पाणी सोडून देतो, आणि पाण्यातलं क्लोराइड मोजून घेतल्यावरच टाकीच्या स्टीलची जात ठरवली होती. टाकीशेजारच्या कठड्यावर ती दोन शिंगांची क्लीट बसवली आहे. समुद्राचा ताण तिला आता सोसायचा नाही, कपडे वाळत घालायची दोरी तेवढी धरायची. पावसाचे चार थेंब पडले की मी ती पुसतो. पुसताना आधी बोल्टांच्या बुडाशी पाहतो, मग वर.